तिकडे बस ठरल्या मिनिटाला येते

प्रिय नेव्हेना,

फोनवर लिहिलेलं तू आता खरं मानशील की नाही कोण जाणे, म्हणून हाताने लिहिते आहे. तुझ्या ताईचंच अक्षर आहे, ओळखशील.

आई तुझ्याकडे ग्राझला तीन आठवडे राहून आली त्याला सव्वा वर्ष झालं, पण मनाने ती अजून पुरती आपल्या गावी, लोमला, परतलेली नाही. तिकडे बस ठरल्या मिनिटाला येते, तिकडे म्हाताऱ्या बायका दुपारी बागेत बसून केक खातात, तिकडे डॉक्टर खुर्चीतून उठून हात मिळवतो. आपल्या गावातला डोळ्यांचा डॉक्टरसुद्धा तुमच्याच तिकडे परदेशी निघून गेला. दुसऱ्याला दाखवायला आम्ही दोघी दोन तास बसचे धक्के खात गेलो, तर तिथेही हिचं सुरूच, "नेव्हेनाकडे असं नसतं हं!" मी चिडून म्हटलं, "मग तिकडेच राहायचंस." तर म्हणते, "तिनं ठेवून घेतलं असतं तर राहिले असते." सगळी बस ऐकत होती.

अकरा वर्षं मी तिचे केस धुते, नेव्हेना. तू वर्षातून एकदा चॉकलेटं घेऊन येतेस आणि अख्खी गल्ली तुझे बूट बघत बसते. शेजारची त्सोंका तर मला तोंडावर म्हणाली, "दोघींत हुशार धाकटीच निघाली." जायचे कागद आधी माझे तयार झाले होते, बाबा अंथरुणाला खिळले म्हणून मी थांबले आणि तू गेलीस, हे आता कुणाला आठवतही नाही.

फेब्रुवारीत आईच्या फोनवर तुझा निरोप आला. तिला आता अक्षरं दिसत नाहीत, सगळं मीच वाचून दाखवते, हे तुला ठाऊक नव्हतं. तू लिहिलं होतंस, "आई, मी परत येऊ का? इथे सगळं वेळेवर होतं, पण आठवडा आठवडा माझं नाव कुणी नीट घेत नाही. भूगोल शिकवणारी मी, हॉटेलात चादरींच्या घड्या घालते. ताईला सांगू नकोस, ती हसेल."

मी हसले नाही. पण आईला वाचूनही दाखवलं नाही. तिकडचं सुख भोगून झालं, आता इकडची आईही हिलाच हवी, एवढंच डोक्यात आलं. आई बनून मीच उत्तर लिहिलं, "येऊ नकोस बाळा. इथे काय ठेवलंय? मला ताई आहे, ती पुरे." शेवटचं वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं, तेही सांगून टाकते.

त्यानंतर तुझे फोन थांबले. आई दर रविवारी जेवण झालं की फोन मांडीवर घेऊन बसते. काल आम्ही बरण्या भरायच्या म्हणून लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होतो. साली काढता काढता तिनं विचारलं, "तिचा निळा कप माझ्या हातून फुटला होता गं. त्याचा राग धरला असेल का तिनं?" मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्या घालेल. तिनं हात पुसले, भिंत धरत धरत तुझ्या खोलीत गेली, आणि तुझ्या पलंगावर मी मांडून ठेवलेल्या बरण्या चाचपडत एकेक खाली ठेवायला लागली. थोड्या वेळाने मीही तिच्या जोडीने बरण्या उचलायला लागले. आता तुझा पलंग रिकामा आहे.

रागावलीस तरी तुझीच,
देसिस्लावा