ब्रश लपवलाय, आधी खोका

आई-बाबा,

“ताई, थुंकी आणि बेडका यांत फरक काय?” हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. काल दवाखान्यातल्या ताई शाळेत आल्या आणि मी भर वर्गात उभी राहून विचारलंच! सगळे खो-खो हसले. ताई मात्र खूश. म्हणाल्या, “थुंकी तोंडातली, पातळ. बेडका छातीतून येतो, घट्ट. टीबीचे जंतू शोधायचे ते त्यात. पण लाजरे लोक डबीत नुसते थुंकून मोकळे होतात!”

तिथे माझं हसू पळालं. बाबा, गेल्या आठवड्यात तुमच्या खोकल्याच्या तपासणीसाठी तुम्ही दात घासून, आरशात बघत, दोन सेकंदांत डबी भरलीत. मग रिपोर्टमध्ये निघणार काय, कपाळ? आणि आपण उगाच निश्चिंत झालो.

बेसिनवर नवी डबी आहे. ब्रश शोधू नका, लपवलाय. साध्या पाण्याने चूळ भरा, गॅलरीत जा, तीनदा खोल श्वास घ्या आणि पोटातून खोका. समोरचे काका बघतात तर बघू देत. झाकण घट्ट लावा. आई, “शी” म्हणू नकोस. मला तर ते सूक्ष्मदर्शकातून बघायचंय!

मी आज शाळेत नाही, दवाखान्याच्या रांगेत आहे. डबी घेऊन दोघंही लगेच या. मी दोन नंबर लावतेय. दोन आठवडे रात्री उशीत तोंड खुपसून मीही खोकतेय, तुम्हाला कळू दिलं नाही. आता लपवणार नाही. बाबांबरोबर मीही तपासून घेणार, ठरलंय माझं.