उलट्या बाजूने वाचलेला शेवट

॥ श्री ॥
ब्रह्मा घाट, वाराणसी
२४ जुलै २०२५

चि. हिमानीस, आईचे अ. आ.

तुझा फोन दोन आठवडे बंद आहे म्हणून कागद घेऊन बसले. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, चुका काढत बसू नकोस. तुझ्या खोलीतल्या रुचीला फोन केला तर ती बिचारी हळू आवाजात सांगते, हिमानी बँकेत जात नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते, पुढ्यातलं ताट वाळून जातं. काय झालं विचारलं तर म्हणे निंजांचं चित्रपुस्तक संपलं. मी म्हटलं, संपलं तर दुसरं घे म्हणावं. मग तिने सगळं सांगितलं.

त्या पुस्तकातला होडी चालवणारा गुरू पुरात नाहीसा झाला होता, नुसती टोपी तरंगत राहिली. ते मला माहीत आहे. तू आणि तुझे बाबा छतावर बसून वाचायचात. सकाळी पोरांकडून वेद म्हणवून घेणारे दत्तात्रेयशास्त्री, आणि संध्याकाळी तुझ्याबरोबर जपानी मारामाऱ्या. तेच म्हणाले होते, प्रेत दाखवलं नाही म्हणजे गुरू जिवंत आहे, लिहिणारा पुढे आणणार बघ. त्याच पावसाळ्यात ते पंचगंगा घाटावर संध्येला गेले आणि पायरीवर तांब्या नि पंचा सोडून परत आले नाहीत. नाववाल्या मल्लाहांनी जाळी टाकली, काही लागलं नाही.

तू त्यांचं ते वाक्य उचललंस आणि इंटरनेटवर केवढा पसारा मांडलास. टोपी प्रवाहाच्या उलट का गेली, पुलावरची सावली कुणाची, हजारो लोक तुझं ऐकायचे. आता शेवटच्या भागात गुरू तेव्हाच मेला होता असं निघालं, आणि तेच लोक तुला शिव्या देतात, इतकी वर्षं वेडं बनवलंस म्हणतात. गेले ते लोक चुलीत. ऊठ, अंघोळ कर, जेव.

दुसरं. श्रीनिवासकाका म्हणतात, बाबांना जाऊन बारा वर्षं पुरी झाली, आता शास्त्राप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायला हवा. पिठोरी अमावास्येला ठरलंय. अग्नी हिमानी देईल असं मी सांगून टाकलं, श्रीनिवासभाऊजी तोंड वाकडं करून हो म्हणाले. तिकीट काढ.

हे पत्र तुझ्या हातात द्यायला रुचीला सांगितलंय. एक ओळ तरी लिही. राग ठेव, पण त्याच्या बाजूला लोभही ठेव.

तुझी आई, बकुळ

पुणे
३० जुलै

ती. आईस, शि. सा. न.

मी येणार नाही.

शिव्यांमुळे मी पडलेली नाही, त्या पहिल्यापासून मिळतात. माझं भांडण लिहिणाऱ्याशी आहे. गुरू मेला होता तर तेव्हाच दाखवायचं होतं. प्रेत न काढता त्याने आम्हाला दर आठवड्याला नदीकाठी उभं ठेवलं. पुलावरची सावली त्यानेच काढली होती ना? आता म्हणतो ती कुणाचीच नव्हती. याचा कुणालाच राग येत नाही. सगळे म्हणतात मान्य कर आणि पुढे चल. तूही तेच म्हणतेस.

बाबांना मेलेलं कुणी पाहिलेलं नाही. पानं बांधायची, त्यांना बाबा म्हणायचं आणि पेटवायचं? तसं केलंस तर मला परत बोलावू नकोस, कुठूनच. सकाळी का उठायचं ते मला सापडत नाही, आई. खूप शोधलं.

हिमानी

ब्रह्मा घाट
६ ऑगस्ट

चि. हिमानीस, अ. आ.

कुठूनच म्हणजे काय ग? ते वाचलं मात्र, लगेच रुचीला फोन करून सांगितलं, हिला एक मिनिट एकटी सोडू नकोस आणि आजच्या आज डॉक्टरकडे ने. तिच्यावर चिडू नकोस, चिडायचं तर माझ्यावर.

मग वाटलं, माझ्या पोरीला खातंय ते आहे तरी काय. खालच्या मजल्यावरच्या कुशलला म्हटलं, तो शेवटचा भाग कागदावर काढून आण. कुणीतरी हिंदी केलेला त्याला मिळाला, झेरॉक्सवाल्याने शिवून दिला. मी दारातच बसून उघडला. पहिल्याच पानावर चिता. मग गुरूचा देह काठावर. मग त्याची शिष्या रडतेय, मग पाण्यात धावतेय, आणि शेवटच्या पानावर गुरू होडीत उभा, टोपी डोक्यावर, हसतोय.

असा राग आला तुझा. परत येतो की तो, मग ही गाढव रडते कशाला? तशीच उठले. गंगेला बाढ आलीय, गलीत पुराचं पाणी आहे, त्यातून भाऊजींच्या दारात गेले आणि सांगितलं, पुतळा करायचा नाही, पळस परत पाठवा. त्यांनी का विचारलं तर मी म्हटलं, ते येतील. माझ्या तोंडून असं निघालं ते मलाच कळलं नाही. तिथून पंचगंगेला गेले. पायऱ्या बुडाल्यात. वर उभी राहून पंचा नेसलेल्या एकेका माणसाचं तोंड बघत होते. लोक मला वळसा घालून जात होते.

कुशल शोधत आला. म्हणाला, "काकू, जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात. तुम्ही शेवटाकडून वाचलंत."

घरी येऊन सरळ वाचलं. चिता शेवटी आली.

हिमानी, दुपारभर ते जिवंत होते. इतकी वर्षं तुझ्यावर ओरडले, गेले ते, विसर, आणि स्वतःचं कुंकू पुसलं नाही. दार वाजलं की सगळ्यांआधी मी उठते. तुझ्यामागे हजारो लोक होते, मी इथे एकटीच वाट बघत होते.

लिहिणाऱ्याबद्दलचं तुझं म्हणणं मला पटलं. त्याने प्रेत काढायला हवं होतं. गंगेनेही दिलं नाही. म्हणून तर हा विधी ग, ज्यांना देह मिळाला नाही त्यांनी तो हाताने करायचा. पळसाच्या पानांचे हात, पाय, छाती, डोक्याला नारळ. भाऊजींनी केलेला पुतळा मी मानणार नाही. तू ये, आपण दोघी करू. करून झाल्यावर पेटवावासा वाटला नाही तर नाही पेटवायचा, भाऊजींशी मी भांडेन. पण तू ये. एकाचाच पुतळा माझ्याने होत नाहीय, तुझा करायला लावू नकोस.

जेवलीस की कळव. लोभ आहेच, तो काय मागायचा.

तुझी आई

पुणे
१२ ऑगस्ट

ती. आईस, शि. सा. न.

रुचीने मला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या चालू आहेत. तुझं पत्र वाचलं, तू घाटावर उभी राहिलीस तिथपर्यंत आले आणि खूप रडले. नंतर भूक लागली. अर्धी वाटी वरणभात खाल्ला, पूर्ण नाही, खोटं सांगत नाही.

रविवारच्या गाडीने निघते. डॉक्टर म्हणाले एकटी जाऊ नकोस, म्हणून रुची बरोबर येतेय. अग्नी देईन असं वचन देत नाही. बाबांचं म्हणणं चुकलं होतं हे अजून माझ्या तोंडून निघत नाही.

पण काकांकडून पळस परत मागवून घे. पानं ओल्या फडक्यात ठेव, वाळली की तुटतात. हात, पाय, छाती तुम्ही सुरू केलंत तरी चालेल. बाबांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. काका तो सरळ करून ठेवतील. त्याला कुणाचा हात लागू देऊ नकोस. तेवढा मी करीन.

लोभ आहे. थांब माझ्यासाठी.

तुझी हिमानी