सोळा तारखेची सुनावणी

कोल्हापूर, २ फेब्रुवारी २०२४

चि. प्रियदर्शनीस, दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

स्कूटरवरून पडून पाय मोडून घेतलास, हे तुझ्या सासूबाईंकडून कळलं. वकिलांनीच सिग्नल पाळला नाही तर आम्ही कुणाकडं बघायचं? माझा फोन बंद असतो. वसुलीवाले दिवसभर वाजवतात, तुझ्या शालूवहिनीलाही सोडत नाहीत. म्हणून हे पत्र.

शिरोलीच्या कारखान्यानं काम काढून घेतल्यापासून माझी लेथ मशीन बंद आहे, आणि ती घेताना काढलेल्या कर्जाला आपलं घर गहाण आहे, हे तुला माहीत आहेच. नोव्हेंबरात बँकेची पहिली नोटीस आली, तेव्हा व्याजाचा हिशोब चुकीचा आहे असा अर्ज मी समक्ष जाऊन दिला आणि पोच घेतली. उत्तर आलं नाही. जानेवारीत मात्र रजिस्टर्ड टपाल येऊ लागलं. शेजारचा पिराजी म्हणाला, घ्यायचंच न्हाय, घेतलं न्हाय तर लागूच होत न्हाय की. मी शालूला तसं सांगितलं. तेव्हापासून ती दारातूनच पोस्टमनला हात जोडते. काल बँकेच्या माणसांनी दारावरच कागद चिकटवला. कोर्टाचा हुकूम आहे, वीस तारखेला ताबा.

आता गल्लीचं म्हणणं असं, की बहिणीनं दावा टाकला की बँक थांबते. बाबा गेल्यावर तू घरातला तुझा वाटा मला सोडून दिलास. ती सही भावानं फसवून घेतली, असं लिही. माझं नाव खराब झालं तरी चालेल, घर राहू दे.

जावईबापूंना नमस्कार. भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
कृष्णात


पुणे, ६ फेब्रुवारी (रजिस्टर्ड)

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

सिग्नल हिरवा होता. कुत्रं आडवं आलं. गल्लीला तसं कळव.

तुझ्यावर मी तसला दावा टाकणार नाही. सही मी राजीखुशीनं केली. वहिनींनी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या होत्या आणि त्यातल्या चार मीच खाल्ल्या. शपथेवर खोटं लिहिणाऱ्यांच्या उलटतपासण्या घेण्यात माझी वीस वर्षं गेली, आता मीच पिंजऱ्यात उभी राहू का? आणि पिराजीला सांग, नाकारलेलं टपालही कायद्यात मिळाल्यासारखंच धरतात.

पण खरा मुद्दा तुझ्याकडंच आहे. तुझ्या अर्जाला बँकेनं पंधरा दिवसांत उत्तर द्यायला हवं होतं. ते न देता त्यांनी थेट ताब्याचा हुकूम आणला. तो हुकूम देताना घरमालकाला कुणी विचारत नाही, म्हणूनच बँकांना अशी घाई सुचते. इथल्या कर्जवसुली न्यायाधिकरणात ती घाई दाखवता येते. तुम्ही टपाल परत करायला लागलात जानेवारीत, उत्तराची मुदत त्याआधीच संपली होती, हे नशीब.

सोबत वकालतनामा आणि प्रतिज्ञापत्र आहे. नोटरीसमोर सह्या कर, पोच जोड आणि चौदापर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठव. सोळाला सुनावणी मागते. स्थगिती मिळेल असं मला वाटतं.

रागावलास तरी आशीर्वादात कपात नको.

तुझी,
प्रिया


हुपरी, २२ फेब्रुवारी

चि. प्रियदर्शनीस, आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. त्यातून समजायचं ते समजलो. खोटं लिहायला सांगायला नको होतं.

परवा ताबा गेला. फौजदार, दोन बायका पोलीस, बँकेची माणसं. सभ्य होती, मला मामा म्हणत होती. शालूनं त्यांना पाणी दिलं आणि कुकरच्या अजून दोन शिट्ट्या होऊ देत म्हणाली. तेवढं थांबले. मग गरम कुकर तसाच उचलून फुटपाथवर ठेवला. कपाटाला दुसऱ्या बाजूनं पिराजीनं हात लावला. बाकी गल्लीनं दारं लोटून घेतली. इथं येईपर्यंत रस्ताभर शालू एकच विचारत होती, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला का.

सध्या शालूच्या माहेरी आहोत. मेव्हण्याच्या घरीच पैंजणांचं काम चालतं, तिथं कड्या जोडायला बसतो. लेथवरच्या हाताला ते फार नाजूक पडतं. हे लोक काही बोलत नाहीत.

पाय सांभाळ.

कृष्णात


पुणे, २६ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

मी सहा तारखेलाच उत्तर लिहिलं होतं, सह्यांचे कागद घालून, रजिस्टर्ड. तो लिफाफा आज परत आला. वर पोस्टमनचा शेरा आहे, घेण्यास नकार. लिफाफ्यावर माझ्या ऑफिसचा वकिलीचा शिक्का होता. वहिनींना तो बँकेच्या वकिलाचा वाटला असणार.

तुझ्याकडून काही येईना, तेव्हा मला वाटलं, खोटा दावा नाकारला म्हणून तू रुसलास. म्हणून कुणाला घरी पाठवलंही नाही. सोळा तारखेला मी दुसऱ्या एका कामासाठी त्याच न्यायाधिकरणात कुबड्या घेऊन बसले होते. माझ्यासमोर दोन घरांना स्थगिती मिळाली. त्यातल्या एकाचा मुद्दा अगदी तुझाच होता.

गेलेला ताबा परत मागता येतो. वेळ लागेल, आणि मधल्या काळात बँक लिलावाची जाहिरात देईल. नवे कागद साध्या पाकिटातून, तुझ्या मेव्हण्याच्या नावावर पाठवते.

मी पाठ फिरवली असं तुला वाटलंच कसं, हे भेटल्यावर विचारीन. तोवर बहीण आहे एवढं धरून चाल.

प्रिया


हुपरी, १ मार्च

चि. प्रियास, अनेक आशीर्वाद.

सह्या केलेले कागद सोबत आहेत.

तुझ्या पत्रातला लिफाफ्याचा भाग मी मोठ्यानं वाचला आणि शालूला नको ते बोललो, तिच्या भावाच्या घरात, सगळ्यांसमोर. टपाल परत करायला मीच सांगितलं होतं, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढचं, सोळा तारखेचं, तिला वाचून दाखवलेलं नाही. तरी आपल्या हातानं घर गेलं, हे तिनं धरून ठेवलं आहे. भाकरी थापते, सगळ्यांना वाढते, स्वतः ताटावर बसत नाही. काल भावजयीनं हाताला धरून बसवलं, तर पाणी पिऊन उठली. मी समजूत काढली तर म्हणते, तुम्हांस्नी काय कळतंय कायद्यातलं. तुझं मानंल ती. तिला लिही की तो लिफाफा घेतला असता तरी काही फरक पडला नसता.

मागं खोटं लिही म्हटलं तेव्हा तू नाही म्हणालीस, ते बरोबरच होतं. हे कोर्टात द्यायचं नाही. जमलं नाही तरी मी रुसणार नाही.

तुझाच,
दादा


पुणे, ६ मार्च

सौ. शालूवहिनींस, सप्रेम नमस्कार. वि. वि.

हे पत्र तुमच्या नावावर आहे. दादाला वाचू द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

अर्ज काल दाखल झाला. घराचा ताबा परत मिळावा, अशी मागणी आहे. पहिली तारीख एप्रिलात पडली आहे. जिंकूच, असं मी सांगत नाही. मधे पेपरात लिलावाची जाहिरात आली, तर ती कापून मला पाठवा आणि तिचा विचार करत बसू नका.

दुसरं, त्या लिफाफ्याचं. तो तुम्ही घेतला असता, दादानं त्याच दिवशी सह्या केल्या असत्या आणि सोळा तारखेला मी अर्ज घेऊन उभी राहिले असते, तरी ताबा थांबला नसता. त्या दिवशी साहेब रजेवर होते. एकाही घराचं काम निघालं नाही. मी स्वतः तिथं होते. कुबड्या घेऊन दुपारपर्यंत रिकाम्या खुर्चीसमोर बसले आणि परत आले.

हे मी वीस वर्षांच्या वकिलीवर लिहून देते आहे.

माझ्यावर माया असू द्या, आणि आज जेवून घ्या.

तुमची नणंद,
प्रियदर्शनी