शेपू घातलेल्या कोवळ्या शेंगा

माय,

बाबांनी दिवाळीनंतर जेवण सोडलं. रागाने नाही, दुखण्यानेही नाही. दुपारी मी ताट घेऊन गेले की ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "जेवलो ना व बाई. पोरीची माय आताच वाढून गेली." मला ते आता बाई म्हणतात, शेजारपाजारची कुणी समजत असावेत. आणि पोरीची माय म्हणजे तू, जाऊन कितीतरी वर्षं झालेली. मेहकरच्या डॉक्टरांनी तपासलं, दुखणं काही नाही म्हणाले, पण असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत, तयारीत राहा. मी तो म्हातारपणाचा भ्रम समजले. आपल्या घरात तू भूतखेत कधी चालू दिलं नाहीस. विहिरीवर बायका चिंचेखालच्या बाईच्या गोष्टी सांगायला लागल्या की तू घागर उचलून म्हणायचीस, "मेलेलं माणूस येत असतं, तर मही माय नसती आली काय मले भेटाले?" ते ऐकत मी मोठी झाले आणि पुढे वर्गातल्या मुलांनाही तेच शिकवत आले. पण एका दुपारी बाबांचा हात ओल्या फडक्याने पुसताना त्यांच्या बोटांना लसणाच्या पातीचा वास आला. घरात तेव्हा पात नव्हती. मी त्यांचा हात बराच वेळ नाकाशी धरून बसले. ते हसले आणि म्हणाले, "चांगल्या झाल्या शेंगा."

कोणत्या शेंगा ते मला विचारावं लागलं नाही. मी लहान असताना अमडापूरला तू दुसऱ्यांच्या वावरात वाटाणा तोडायला जायचीस. भरलेल्या शेंगा मालकाच्या पोत्यात जायच्या. तोडताना हाताला आलेल्या कोवळ्या, चपट्या, दाणा न धरलेल्या तू ओच्यात बांधून आणायचीस. शेजारणी हसायच्या, टरफलं खाता काय म्हणून. तू उंबऱ्यावर बसून शिरा काढते आहेस, लोखंडी कढई चुलीवर धुरावते आहे, आणि मी शेंगदाणे पाट्यावर जाडसर रगडते आहे. तेलात जिरं, मिरची, लसणाची पात, मग शेंगा, भराभर परतलेल्या. मी एकदा वर ताटली ठेवली तर तू हातावर चापट मारलीस. "झाकू नको व, गवत होते त्याचं." शेवटी शेंगदाण्याचा कूट आणि मूठभर कोथिंबीर. नोकरी लागल्यापासून मी ती भाजी किती वेळा करून पाहिली असेल. शेंगा हिरव्यागार राहायच्या, दाताखाली करकरायच्या, पण चव तुझी नसायची.

तरी पुन्हा केली. बाबांनी एक शेंग तोंडात घातली, चावली, आणि माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. कुणी बोलत असावं तसं ऐकत राहिले. मग म्हणाले, "शेपू राह्यला म्हणते. पातीसंगं बारीक कापून टाकाचा. पोरीले सांगू नको म्हणते, माहीत झालं तं खाणार नाही."

माय, मला शेपूचा वास सहन होत नसे. शेपूची भाजी ताटात आली की मी उठायची. बाबा तेव्हा धामणगाव बढ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, कधीतरी यायचे, आणि आले तरी चुलीपाशी बसणारे ते नव्हेत. "तुम्हाले कोणी सांगितलं, बाबा?" मी विचारलं. "मले काय माहीत स्वयपाकातलं? ती उभी हाये ना तिथं, तिले इचार." मी मागे वळले. दारात खिडकीतलं ऊन पडलं होतं आणि तो पट्टा मधोमध तुटलेला होता, कुणी उंबऱ्यावर उभं राहावं तसा. मी पाहत असतानाच तो पुन्हा अखंड झाला.

दुसऱ्या दिवशी बाजारातून शेपू आणला. कढईतली पहिली शेंग उभ्यानेच तोंडात टाकली आणि तशीच खाली बसले. तीच चव होती. बाबांनी अर्धी भाकरी खाल्ली, आठवड्याभरात पूर्ण. गालांवर रंग आला. डॉक्टर म्हणाले, चमत्कारच म्हणायचा. बाबा रोज जेवताना दाराशी बोलतात, हसतात, खाटेवर सरकून जागा करतात. मला भीती वाटते आणि तरी दुपार लवकर व्हावीशी वाटते.

परवा धीर करून विचारलं, "बाबा, ती काही म्हणते काय?" ते ऐकत राहिले. घास हातातच होता. "इचारून राह्यली, पोरगी शाळेतून काऊन नाही आली अजून." मग माझ्याकडे न बघता, "आन् म्हणते, ही म्हातारी कोण हाये, रोज मह्या चुलीपाशी?"

तू गेलीस त्या दुपारी मी शाळेत होते. सकाळी तुला ताप होता, तरी लाल रिबिनी बांधून माझ्या दोन वेण्या घातल्यास आणि तूच मला पाठवलं होतंस. आता मी तुझ्या वयाच्या कितीतरी पुढे आले आहे. तू मला ओळखावंस तरी कशावरून? मीच ती, मी आलेय कधीची, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "येईलच आता."

हे तुला वाचून दाखवावं असं मनात होतं, तुला अक्षरओळख नव्हती म्हणून. पण मोठ्याने वाचलं तर बाबा ऐकतील. तेव्हा हे माझ्याजवळच राहील. एक मात्र सांगून टाकते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. आज ताट न्यायच्या आधी मी आरशासमोर बसले आणि माझ्या पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या घातल्या. त्यांना बांधायला लाल रिबिनी मी कालच आणून ठेवल्या होत्या.