दोरा ओवताना

मंगळवार, संध्याकाळ

आज मी रहीमचाचांचं नाव माझ्या अभ्यासातून काढूनच टाकणार होते. खुलताबादचे हे शिंपी, मधुमेह जुना. नजर अजून चांगली, पण डोळ्याच्या पडद्यावर बारीक लाल ठिपके दिसायला लागलेत. रक्तवाहिन्या कडक होण्याशी त्या ठिपक्यांचा काय संबंध, तेच तर मी शोधतेय. आणि यांच्या रक्तवाहिन्यांच्या कडकपणाचं माप दर वेळी वेगळं! मशीनला शिव्या देऊन झाल्या.

शेवटी आज स्क्रीन सोडून त्यांच्याकडंच बघत बसले. मानेवर सेन्सर टेकवला आणि त्यांची छाती हलायचीच थांबली.

"चाचा, श्वास का रोखला?"

"दोरा ओवताना रोखतोच की, मॅडम. हात हलू नाय म्हणून. तुमचं बी बारीक काम दिसलं."

म्हणजे इतके दिवस ते माझ्यासाठी दम रोखून बसत होते, आणि त्यानंच माप बदलत होतं! आणि मी एकदाही विचारलं नाही? श्वास चालू ठेवून पुन्हा मोजू म्हटलं, तर गावची बस सोडून थांबले. सगळी मापं जुळली. कसे आभार मानू या माणसाचे?

घरी येऊन कुर्त्याचं तुटलेलं बटण लावायला घेतलं. दोरा सुईत गेला तेव्हा कळलं, माझाही श्वास थांबला होता.