सामना क्रमांक तेवीस

सोमवार, ३ मार्च

मला गॅलरीत बसवलं! दोन वर्षं स्क्रू पिळले, नखांतलं ग्रीस घासून घासून काढलं, आणि आता म्हणे तू टेहळणी प्रमुख. म्हणजे बाकीचे खाली रोबो चालवणार आणि मी वर बसून लोकांच्या रोबोंकडे टक लावून बघणार. घरी येऊन दप्तर आपटलं. बाबा म्हणाले, दप्तरानं काय केलंय?

वर्कशॉपचे सर म्हणतात, अर्धी स्पर्धा वरूनच जिंकली जाते. समजूत घालताना सर नेहमी असंच काहीतरी म्हणतात. पण नियम वाचले तर अगदीच खोटं नाही. शनिवारी चाळीस शाळांचे रोबो एकमेकांशी खेळणार, तीन विरुद्ध तीन, जोडीदार चिठ्ठ्या टाकून ठरलेले. रविवारी वरच्या आठ टीम आळीपाळीनं आपापले दोन-दोन जोडीदार निवडणार. ती युती मग शेवटपर्यंत. उरलेल्या सोळा टीमनी सामान आवरायचं आणि टाळ्या वाजवायच्या. आमच्या टीमनं कुणाला निवडावं, ती यादी मी करायची.

कागदही मीच आखला. एका रोबोला एक कागद. चेंडू किती उचलले, टोपलीत किती टाकले, उणीव काय. आणि शेवटचा रकाना – सामना क्रमांक. हा सरांचा नियम. जे लिहाल ते कुठल्या सामन्यात दिसलं, तो आकडा हवाच. ऐकीव काही लिहायचं नाही. बरं, नाही लिहिणार!

धाकटीनंही कागद मागितले. ती हट्टानं दुसऱ्या शाळेत गेली – "सगळीकडे तुझी बहीण म्हणून ओळखतात, मला कंटाळा आलाय ताई." तिची टीम पहिल्यांदाच उतरतेय आणि टेहळणीला ती एकटी. गठ्ठाभर प्रती काढून दिल्या.

गुरुवार, ६

आईचा हुकूम – जेवणाच्या टेबलावर रोबोचं नाव काढायचं नाही. म्हणून आम्ही गच्चीत वाळलेले कपडे काढताना बोलतो. हल्ली दोघींना कपडे काढायची भलतीच हौस आलीय, असं आई शेजारच्या काकूंना सांगत होती.

आज धाकटीचा चेहरा उतरला होता. त्यांच्या रोबोचं – कासवाचं – डावं गिअर तडकलंय. नवीन वेळेत येत नाही. तिच्या मैत्रिणीनं पट्टी बसवून बांधलंय. या मैत्रिणीच्या खिशात सदा पाना असतो, म्हणून तिचं नावच पाना. ठाऊक फक्त दोघींना. त्यांच्या मुख्याध्यापिका बाईंनी सांगून ठेवलंय की रविवारी खेळलात तर रोबोसाठी दिलेली खोली पुढच्या वर्षीही तुमची, नाहीतर तिथं पुन्हा मोडकी बाकं जातील. "कुणाला बोलू नकोस हं ताई." मी म्हटलं, वेडी आहेस का!

तिला बरं वाटावं म्हणून मग मीही आमचं सांगितलं. आमचा गेंडा हात वर करून उंच टोपलीत चेंडू टाकतो, सगळे बघत राहतात. पण हात वर असताना मागून, डाव्या बाजूनं कुणी ढकललं की सरळ आडवा! आमच्या वर्कशॉपबाहेर हे कुणालाही माहीत नाही. धाकटी पोट धरून हसली. दोन्ही शाळांची गुपितं एकाच दोरीवर वाळत घातली आज.

शनिवार, ८

पाठ मोडली. सकाळी आठपासून लाकडी बाकावर. आम्ही सहाजण, एकेकानं एकेक रोबो धरायचा, पापणी लववायची नाही. आमचा चष्मा – हा त्या मुलाचा एकमेव परिचय – दर सामन्यानंतर काच पुसतो आणि नेमका पुढचा सामना सुरू झालेला असतो. त्याचे तीन कागद मी आठवणीनं भरले... नाही, खरं लिहायचं तर अंदाजानं.

कासव दिसायला उपडं घातलेलं घमेलं. पण काय खातं चेंडू! जमिनीवर पडलेला एक चेंडू शिल्लक ठेवत नाही, गोळा करून जोडीदारासमोर आणून ठेवतं. आमच्या गेंड्याला नेमकं तेच येत नाही, खाली वाकायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. आम्ही पहिल्या नंबरावर, म्हणजे पहिली निवड आमची. आकडे मांडले तर आमच्यासाठी कासव दुसऱ्या क्रमांकावर. मी पुन्हा मांडले. पुन्हा दुसऱ्या. मनातून इतका आनंद झाला!

पाच वाजता यादीची बैठक, कपडे बदलायच्या खोलीत. कप्तान यादीवर बोट फिरवत आली आणि कासवापाशी थांबली. म्हणाली, "ही तुझ्या बहिणीची टीम ना?"

तिनं साधंच विचारलं होतं. आता लिहिताना कळतंय की साधंच विचारलं होतं. पण तेव्हा सगळ्यांची पेनं थांबली आणि चष्मा छताकडे बघायला लागला. माझी कानशिलं तापली. पुढं आयुष्यभर हे म्हणणार, घरचं माणूस घुसवलं. आकडे समोर होते, दाखवायचे होते नुसते. मी म्हटलं, "नको घ्यायला. डावं गिअर तडकलंय त्याचं. टिकणार नाही."

सर म्हणाले, "हे तुला गॅलरीतून दिसलं?"

"हो सर."

"कुठल्या सामन्यात?"

तेविसाव्यात कासव जरा रुंद वळलं होतं. एवढंच. मी रकान्यात तेवीस लिहिलं. सगळे म्हणाले, हिची नजर काय आहे! कप्ताननं पाठ थोपटली.

मला मात्र चांगलं नव्हतं वाटत.

रविवार, ९

चष्म्यानं काल शेजारच्या शाळेला सांगितलं, शेजारच्यांनी पुढच्या बाकाला. गॅलरीत हे चालतंच, सगळे एकमेकांना थोडंथोडं सांगत असतात. सकाळपर्यंत अख्ख्या गॅलरीला ठाऊक – कासवाचं गिअर गेलंय.

निवड सुरू झाली. चाळीस टीम मैदानात रांगेत. मी कठड्याला टेकून वरून बघत होते. धाकटी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. पहिली फेरी संपली, आठ नावं, कासव नाही. प्रत्येक नावाला ती टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. नववं, दहावं, तेरावं, पंधरावं. एकच जागा उरली. आठव्या नंबरच्या कप्ताननं कागद उलटसुलट केला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, कासव. धाकटीनं पानाला मिठीच मारली. मी कठड्यामागे खाली बसले आणि रडले. पेन सापडत नाही असं दाखवलं.

पहिल्याची गाठ आठव्याशी. म्हणजे आम्हीच विरुद्ध कासव! बाबांनी आमची टोपी आणि तिच्या टीमचा शर्ट घातला होता. सामनाभर बिचारे हात खिशात घालून बसले.

गेंड्यानं हात वर केला आणि कासव नेमकं मागे, डावीकडे. आता ढकलणार. नाही, शेजारून निघून गेलं, चेंडूमागे. तीनदा असं झालं. तीनदा! विसरली वाटतं धाकटी, म्हटलं, आणि खरं सांगते, मला हसू आलं. चार गुणांनी जिंकलो.

पुढच्याच सामन्यात हरलो. चेंडू जमिनीवर पसरलेले आणि उचलायला कुणी नाही. सर नुसते त्या चेंडूंकडे बघत राहिले. मला बोलले असते तर बरं झालं असतं.

कासवाचं गिअर? टिकलं. शेवटपर्यंत.

परतताना गाडीत धाकटी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "ताई, गिअरचं बाहेर कसं गेलं गं? सगळ्यांना माहीत होतं. पानाच बोलली असणार. तिच्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

मला तिनं मोजलंच नाही.

सोमवार, १०

धाकटी पानाशी बोलत नाहीये. पाना दोनदा दारात येऊन गेली. मी जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. आई म्हणाली, मग घे ना मीठ.

मंगळवार, ११

आजही नाही सांगितलं.

बुधवार, १२

धाकटीनं उरलेले कोरे कागद परत दिले. त्यात एक भरलेला निघाला. गेंड्याचा. तिच्या टपोऱ्या अक्षरात. उणीव: हात वर असताना मागून डावीकडून ढकलल्यास आडवा होतो. सामना क्रमांक: घरी.

आणि मग ती पूर्ण ओळ, पट्टी धरून, खोडलेली.

मी माझा कासवाचा कागद काढला. तेवीस खोडलं. तिथं "घरी" लिहिलं. ती गच्चीत कपडे काढतेय. दोन्ही कागद घेऊन वर जातेय.