चिंधी बांधलेली घंटा

बदलापूर गाव,
रविवार, ९ एप्रिल १९८९

ती. दिनानाथमामांस,
शालनचा सप्रेम जय भीम. वि. वि.

किसनकाकांबरोबर पाठवलेले दोन्ही कादंबऱ्यांचे, छापण्याआधी तपासायचे फर्मे मिळाले. काका तुमच्या चाळीत राहतात आणि बाबांबरोबर अंबरनाथला आनंदनगरच्या कंपनीत पाळी करतात, हे आपलं नशीबच. नाहीतर पोस्टाने माझी मतं पोचेपर्यंत तुमच्या शेठजींनी पुस्तक छापून विकलंही असतं.

नववीची परीक्षा संपली, त्यामुळे उडत्या किल्ल्याची गोष्ट एका दिवसात वाचली. दहापैकी चार गुण. किल्ला उडतो, उडू दे. पण तो कशाने उडतो, किती वेळ उडतो आणि उतरवायचा कसा, हे लेखकाने कुठेच सांगितलेलं नाही. राजपुत्र अडचणीत सापडला की किल्ला आयत्या वेळी नवीनच काहीतरी करून दाखवतो. जादूलाही नियम हवेत मामा, नाहीतर वाचताना भीती वाटत नाही.

यानाच्या कादंबरीला सहा. प्राध्यापकांना दाढी आहे, लोणावळ्याला बंगला आहे, बायको मात्र नाही. पुतणी फार हुशार आहे असं पहिल्या पानावर लिहिलंय आणि पुढे पुस्तकभर ती सगळ्यांना कॉफी देते. आणि परग्रहावरची माणसं दरवेळी पुण्यातच का उतरतात? आमच्या बारवी धरणाकडे केवढी मोकळी जागा पडलीय.

हल्ली बाबाही हे फर्मे वाचतात. पहिल्या पाळीवरून पावणेचारला येतात, अंघोळ करतात आणि कागद घेऊन ओटीवर बसतात. दोन महिने झाले, ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठतात. आईने खोदून खोदून विचारलं तर उन्हाळा बाधतोय म्हणाले. तुम्ही आलात की जरा विचारा.

बाकी ठीक. आठवण ठेवता तशीच ठेवा.
तुमची भाची,
शालन

---

विठ्ठलवाडी,
१३ एप्रिल १९८९

चि. शालनला,
मामाचे अ. आ. आणि जय भीम.

तुझी मतं मी हासोमल शेठना वाचून दाखवली. कॉफीवाल्या पुतणीवर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. छापखान्यात पंचवीस वर्षं काढली, पण पोरांचं पुस्तक आधी एका पोराला दाखवल्याशिवाय त्यांनी मशीन चालू केलेलं नाही. मास्तर लोक वाह वाह करतात, खरं फक्त बच्चे बोलतात, असं ते म्हणतात.

सोबत नवीन फर्मे आहेत. ‘तांबड्या ग्रहावरची घंटा’. लेखकाचं नाव कुठे दिसणार नाही, शोधू नकोस. छपाईच्या अक्षरांचे खिळे मीच जुळवलेत, तेव्हा चुका दिसल्या तर त्या माझ्या. मत कडक दे, हातचं राखू नकोस, अशी लेखकाचीच खास विनंती आहे.

उद्या जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या चाळीचं लेझीम पथक आहे. मलाही उभं केलंय. माझे गुडघे कुरकुर करताहेत, त्यांना मी समजावतोय.

ताईला आणि दाजींना नमस्कार. दाजींशी बोलेन, काळजी करू नकोस.
तुझा,
दिनानाथमामा

---

बदलापूर गाव,
२० एप्रिल १९८९

ती. मामांस,
शालनचा सप्रेम जय भीम. वि. वि.

कडक मत मागितलंत, म्हणून लिहिते. दहापैकी दोन.

आधी गोष्ट थोडक्यात, म्हणजे मी नीट वाचलीय हे लेखकाला कळेल. तांबड्या ग्रहावर काचेच्या घुमटाखाली माणसं राहतात. श्वासाची हवा एका मोठ्या टाकीत तयार होते. टाकीतला दाब वाढला की घंटा वाजते आणि सगळ्यांनी काम टाकून घुमटाबाहेर पळायचं असतं. पण दुपारी ऊन तापलं की घंटा उगाचच वाजते, काम थांबतं, मुख्य साहेब चिडतो. म्हणून टाकीचा राखणदार साहेबाच्या सांगण्यावरून घंटेत चिंधी कोंबतो. मग एके दिवशी टाकी खरोखर फुटते. राखणदाराची मुलगी पंखांच्या घोड्यावर बसून येते, सगळ्यांना वाचवते, आणि शेवटी राखणदाराला माफ करून हार घालतात.

आता माझं म्हणणं. पहिलं म्हणजे, आपलाच जीव वाचवणाऱ्या घंटेचं तोंड कोण बांधेल? इतकी खुळी माणसं कुठल्याच ग्रहावर नसतील. दुसरं, घोडा शेवटच्या प्रकरणात एकदम कुठून आला? आधी त्याचं शेपूटही दिसत नाही. लेखकाला टाकीची भीती वाटली आणि त्याने घोडा बोलावला, असं मला वाटतं.

तिसरं सगळ्यात वाईट. लेखकाने राखणदाराला माफ केलं. मी नाही करणार. साहेबाने सांगितलं खरं, पण हात याचेच होते. चिंधी बांधून हा माणूस रोज घरी येतो आणि मुलीसमोर बसून जेवतो. तो जेवतो कसा, घास उतरतो कसा, याबद्दल एक ओळ नाही. मला तर तेच वाचायचं होतं.

दोन गुण घंटेच्या वर्णनाला दिलेत. तिची पितळी वाटी, तिच्यावरचा पोचा, बाजूची कळकट वायर. वाचताना ती खरोखर कुठेतरी टांगलेली आहे असं वाटत राहतं.

बाबांनी माझं मत मागून घेऊन वाचलं. दोनदा वाचलं आणि परत दिलं.

मी रागावून लिहिलंय, तुमच्यावर नाही. माया राहू द्या.
तुमची,
शालन

---

विठ्ठलवाडी,
२४ एप्रिल १९८९

ती. दाजींस,
दिनानाथचा सप्रेम जय भीम. वि. वि.

हे पत्र घरी टाकलं तर शालनच्या हाती पडेल, म्हणून किसनकडे देतोय. तो तुम्हाला कंपनीतच देईल.

लेकीने बापाला दोन गुण दिले आणि बाप कोण हे तिला ठाऊकच नाही. मला हसावं की काय करावं कळेना. तुम्ही हस्तलिखित माझ्या हातात ठेवलंत आणि नाव कुठे घालू नकोस म्हणालात, तेव्हाच मी म्हटलं होतं की पोरगी सोडणार नाही. तिच्या मताची नक्कल सोबत पाठवतोय. तुमच्याकडे मूळ येऊन गेलंय, तरी असू द्या.

शेठ म्हणतात की पोरीचं घोड्याबद्दलचं बरोबर आहे, शेवट बदला, मग छापू. मला मात्र एक विचारायचंय. ती चिंधी तुम्हाला सुचली कुठून? शालनला ते खोटं वाटतं, आणि खिळे जुळवताना मला तेवढंच खरं वाटलं. काल किसनला सहज गोष्ट सांगितली, तर चिंधी म्हटल्याबरोबर तो विषय बदलून पाणी भरायला गेला. तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय.

उत्तर लगेच द्या.
आपला,
दिनानाथ

---

अंबरनाथ,
२६ एप्रिल १९८९

प्रिय दिनानाथ,
जय भीम.

जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या मागच्या भिंतीशी बसून लिहितोय. तू विचारलंस, तर सांगतो. सुचलं नाही, केलं.

आमच्या खात्यात टाकीवर घंटा आहे, अगदी पुस्तकात आहे तशीच. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं आणि ती रोज अकरा-बाराला वाजायला लागली. दरवेळी सगळे फाटकाबाहेर, तासभर काम बंद, आणि पाहावं तर दाब बरोबर. सुपरवायझर मला म्हणाला की सुदाम, हिला झोपव जरा. मी हात पुसायला घरून चिंध्या नेतो. त्यातली एक काढली आणि टोल्याचा दांडा नि वाटी यांच्यामध्ये कोंबली. दोन मिनिटांचं काम होतं. आता सगळी पाळी म्हणते की घंटा झोपलीय. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही.

आठवड्याने वर बघितलं तेव्हा कळलं की ती चिंधी शालूच्या जुन्या फ्रॉकची आहे. निळ्यावर पांढरे ठिपके. दुसरीत असताना हाच घालीन म्हणून हट्ट करायची, तो. त्या दिवसापासून घरी ताटावर बसलो की घास फिरतो. तुझ्या ताईला, अंजनाला सांगावं तर ती दुसऱ्या दिवशी मला कामावर जाऊ देणार नाही. पोरीला तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. ती जी पुस्तकं वाचते त्यात घालून सांगितलं तर ती निदान वाचेल, असं वाटलं. शेवटी घाबरून घोडा घातला, ते तिने पकडलंच.

तू म्हणशील की आता काढ. टाकीखाली किसन असतो, रोज अकरा ते एक. काढली तर नोकरीवर येईल. नाही काढली तर काय, ते मी स्वतःच लिहून बसलोय. पोरीचं मत शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोय. मला काही कळेनासं झालंय.
तुझा,
सुदाम

---

विठ्ठलवाडी,
२८ एप्रिल १९८९

ती. दाजींस,
जय भीम.

काल संध्याकाळी किसनच्या बायकोने आमच्याकडे शिरवाळ्या दिल्या आणि मला त्या खाता येईनात. ती हसून बोलत होती, आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

मी लहान आहे, तुम्हाला शिकवणार नाही. नोकरी गेली तर छापखान्यात शेठच्या पायाशी बसेन, पण तुम्हाला घरी बसू देणार नाही. एवढंच सांगतो की ऊन रोज वाढतंय आणि मे अजून सुरूही झालेला नाही. घोडा येणार नाही, दाजी.

वाट बघतोय.
दिनानाथ

---

बदलापूर गाव,
बुधवार, ३ मे १९८९, दुपारी साडेचार

ती. मामांस,
जय भीम.

बाबा अजून आलेले नाहीत. चारच्या पुढे त्यांना कधी उशीर होत नाही. शेजारच्या बनूबाई आत्ताच अंबरनाथच्या बाजारातून आल्या. त्या म्हणाल्या की आनंदनगरच्या कुठल्याशा कंपनीत सकाळी घंटा वाजली आणि माणसं फाटकाबाहेर उभी आहेत, आत कोणाला सोडत नाहीत. कुठली कंपनी ते त्यांना नीट सांगता येईना. आईने पिठाची परात तशीच ठेवली आणि चपला घालून दारात उभी राहिलीय. जाऊ की थांबू, एवढंच म्हणते. मी तिला थांब म्हटलंय, कारण बाबा एका वाटेने आले आणि आई दुसऱ्या वाटेने गेली तर चुकामूक होईल.

मला त्या पुस्तकातली टाकी आठवतेय आणि ती आठवू नये असं वाटतंय.

पावणेसहा. अजून नाहीत. हे पत्र लिहितेय कारण नुसतं बसवत नाही.

गुरुवार, ४ मे

मामा, बाबा काल सव्वासहाला आले. धड आले. आई त्यांच्याशी इतकी भांडली की बनूबाई मध्ये पडायला आल्या.

बाबांनी हातपायही धुतले नाहीत. खिशातून एक चिंधी काढून माझ्यासमोर ठेवली. तेलाने काळी झालीय, तरी ठिपके ओळखू आले. मग त्यांनी सगळं सांगितलं. घंटेत ती त्यांनी कोंबली होती, काल पाळी सुरू व्हायच्या आधी त्यांनीच काढली, आणि पुस्तक त्यांचं आहे. तुम्हालाही ठाऊक होतं म्हणे. त्याबद्दल मी तुमच्यावर रागावलेली आहे, ते भेटल्यावर बोलू.

सव्वाअकराला घंटा वाजली. सगळे बाहेर गेले. दाब बरोबर निघाला. परत आत गेले, बाराला पुन्हा वाजली. सुपरवायझरने बाबांना सांगितलं की झोपव हिला. बाबा शिडीपाशी उभे राहिले आणि नाही म्हणाले. त्याने किसनकाकांना सांगितलं, तेही नाही म्हणाले. मग अख्खी पाळी फाटकाबाहेर जाऊन बसली आणि घंटा नीट करायला माणूस बोलावल्याशिवाय आत येणार नाही म्हणाली. संध्याकाळी पाचला माणूस आला. पण बाबांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. पुढे काय होईल ते कोणालाच माहीत नाही. आईला रात्री झोप लागली नाही, मलाही नाही.

टाकी फुटली नाही, मामा. काहीच झालं नाही. एखाद्या पुस्तकात असं असतं तर मी गुण कापले असते. बाबा बरोबर होते हे दाखवायला निदान थोडा तरी वायू सुटायला हवा होता, असं लिहिलं असतं. काल साडेचारपासून सव्वासहापर्यंत मी फक्त काही होऊ नये एवढंच मागत होते. आता मला या शेवटात कुठेच खोट काढता येत नाही.

माफ करणार नाही असं मी लिहिलं होतं. ते खोडू का, असं बाबांना विचारलं. ते म्हणाले की राहू दे, तेच वाचून शिडी चढलो. मग मला रडू आलं. मी आजवर वाचलेल्या पुस्तकांत बांधणारा एक असतो आणि सोडणारा दुसरा. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

बाबा आजपासून शेवट नव्याने लिहायला बसलेत. घोडा काढलाय. मुलीला शिडीपाशी उभं करणार होते, मी नको म्हटलं, ती तिथे नव्हतीच. ती घरी होती आणि तिला काही ठाऊक नव्हतं, तसंच लिहा म्हटलं. पुस्तकावर नाव घालायला ते अजून कचरतात, पण आई म्हणाली की आता लपवालपवी पुरे झाली, सुदाम हे नाव मोठ्या अक्षरात छापायला सांग. तेव्हा तेवढे खिळे मोठे काढून ठेवा. गुण नवीन फर्मे वाचून देईन. घरचा लेखक म्हणून सवलत मिळणार नाही, हे शेठजींना सांगा.

तुम्ही रविवारी या. आई वरून ठीक दाखवते, पण तिला तुमची गरज आहे. माया आहे तशी असू द्या, रागावले असले तरी.
तुमची भाची,
शालन

ता. क. तो माणूस मुलीसमोर बसून जेवतो कसा, असं मी विचारलं होतं. काल बाबांनी भात दोनदा मागून घेतला.